बंदुकीचा परवाना आणि गावाचे भय

परभणी जिल्ह्यात शस्त्रांचे परवाने ३२, अमरावती ग्रामीणमध्ये २४३ आणि बीडमध्ये १,२२२. डिसेंबर २०२४ मध्ये सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी हे आकडे जाहीर केले, तेव्हा मराठवाड्यातील सामान्य माणूस चकित झाला. परभणी आणि बीड हे एकमेकांना लागून असलेले जिल्हे. तीच कापूस-सोयाबीनची शेती, तोच लहरी पाऊस आणि तोच १९५९ चा शस्त्र अधिनियम. २०११ च्या जनगणनेनुसार बीडची लोकसंख्या परभणीच्या साधारण दीडपटीहूनही कमी भरते. परवान्यांची संख्या मात्र जवळजवळ अडतीसपट! कायदा एकच असताना ही तफावत कोठून आली, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. शस्त्रनियंत्रणाच्या कायद्यांना नागरिक जो विरोध करतात, त्याचा विचारही याच प्रश्नापासून सुरू व्हावा.

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे आसपासच्या खेड्यांचे केंद्र. तेथे पोलीस ठाणे आहे, बाजार समिती आहे. अशा गावाच्या परिसरातील शेतकऱ्याला बंदूक का हवीशी वाटते, हे समजून घेणे कठीण नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक लोळवून जातो. रोही शेतात शिरले की हाताशी आलेला हरभरा जातो. रात्री राखणीला जाणाऱ्याच्या हातात काठी, बॅटरी आणि फटाके यांपलीकडे काही नसते. अशा माणसाला परवाना द्यायचा की नाही, हा त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. म्हणून शस्त्रकायदा कडक करण्याला विरोध करणारा प्रत्येक जण हिंसेचा पुरस्कर्ता असतो, असे आम्ही मानत नाही.

विरोधाची जुनी परंपरा

आपल्या देशात या विरोधाला मोठा इतिहास आहे. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्र कायदा झाला. त्यातून युरोपीय लोकांना सूट होती. भारतीयांना मात्र परवान्यावाचून शस्त्र बाळगता येत नव्हते. हा भेद अपमानकारक होता, म्हणून राष्ट्रीय सभेच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनच त्याविरुद्ध ठराव होऊ लागले. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता.

पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णू कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि सभेने ती फेटाळली. परकीय सत्तेने एका राष्ट्राला निःशस्त्र करणे आणि स्वतंत्र राष्ट्राने आपल्या शस्त्रांवर स्वतःच बंधन घालणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. गुन्हेगारालाही शस्त्राचा हक्क मागता येईल अशी तरतूद स्वतंत्र देशाला परवडणारी नव्हती. अखेर संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदात नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क मिळाला, तोही शांततेने आणि विनाशस्त्र. पंचविसाव्या अनुच्छेदात शीख बांधवांच्या कृपाणाला धर्माचरणाचा भाग म्हणून मान्यता आहे. नांदेडच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायला नको.

संविधान सभेतील ही चर्चा झाली, त्याच्या तीनच महिने आधी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबाद संस्थान भारतात विलीन होण्याचा मार्ग मोकळा झाला होता. परभणी त्या संस्थानातच होते. रझाकारांच्या हाती बंदुका आणि गावकऱ्यांच्या हाती काही नाही, ही स्थिती येथल्या पिढीने भोगली होती. पोलीस कारवाईनंतर बाजू उलटली, आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव), नांदेड यांसारख्या जिल्ह्यांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे अत्याचार झाले, त्यांची नोंद पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. दोन्ही प्रसंगांतून एकच गोष्ट दिसते. शस्त्र आज ज्याच्या रक्षणासाठी म्हणून हाती येते, उद्या त्याच शस्त्राचे भय दुसऱ्या कोणाच्या दारात उभे राहते.

२०१९ चे विधेयक आणि आक्षेप

अलीकडचा सर्वांत ठळक विरोध झाला तो २०१९ साली. १९८३ च्या दुरुस्तीपासून एका परवानाधारकाला तीन बंदुका बाळगता येत होत्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत मांडलेल्या विधेयकात ही मर्यादा एकवर आणण्याचा प्रस्ताव होता. त्याविरुद्ध नेमबाज खेळाडू पुढे आले. वाडवडिलांची शस्त्रे जपणारी घराणी पुढे आली. सीमाभागातील शेतकऱ्यांची बाजू घेऊन पंजाबचे तत्कालीन मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनीही केंद्राकडे हरकत नोंदवली. परिणामी डिसेंबरमध्ये विधेयक संमत होताना मर्यादा एकऐवजी दोन झाली आणि खेळाडूंच्या सवलती कायम राहिल्या. म्हणजे नागरिकांच्या हरकतींनी कायद्याचे स्वरूप बदलले. लोकशाहीत हे व्हायलाच हवे.

विरोधकांचा मुख्य मुद्दाही पोकळ नव्हता. आपल्या देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांपैकी बहुसंख्य खून विनापरवाना शस्त्रांनी होतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात. मग जो नियमाने परवाना घेतो, शुल्क भरतो, निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतो, त्यालाच का जखडता, असा त्यांचा सवाल होता. कोकणातील शेतकरी हेच गाऱ्हाणे निराळ्या शब्दांत मांडतात. पीकसंरक्षणासाठी दिलेल्या बंदुका आचारसंहितेच्या काळात सरसकट जमा करायला लावल्या, की त्याच काळात वानर आणि रानडुकरे बागांत धुमाकूळ घालतात, अशी त्यांची तक्रार असते.

मात्र त्याच दुरुस्तीने आणखीही काही गोष्टी केल्या. बेकायदा शस्त्रनिर्मितीला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठेवली. लग्न-मिरवणुकीत बेफिकिरीने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. चर्चा मात्र जवळजवळ सगळी ‘एक की दोन’ या संख्येभोवतीच फिरली. परवाना मुळात कोणाला मिळतो, हा प्रश्न मागे राहिला.

मस्साजोगने काय दाखवले?

९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण होऊन त्यांची निर्घृण हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या हत्येचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. न्यायासाठी निघालेल्या मोर्चांत परभणीकरही जानेवारी २०२५ मध्ये रस्त्यावर उतरले. ही हत्या बंदुकीने झाली नव्हती. मारहाणीने झाली होती. तरीही लोकांचे लक्ष तत्काळ बंदुकांकडे गेले, ते का? कारण कंबरेला पिस्तूल लावून फिरणारी माणसे आणि हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती त्या जिल्ह्याच्या अंगवळणी पडल्या होत्या. गोळी न झाडताही बंदूक आपले काम करीत असते. ग्रामसभेत प्रश्न विचारणारा गप्प बसतो, साक्षीदार साक्ष बदलतो, ठेकेदार मुकाट्याने पैसे मोजतो.

पुढे प्रशासनाने छाननी केली. गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तींकडेही परवाने असल्याचे समोर आले आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. हे योग्यच झाले. परंतु त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही, ही गोष्ट आम्हांस अधिक बोलकी वाटते. परवाना देण्यापूर्वी पोलिसांचा अहवाल मागवावा, सार्वजनिक शांततेला धोका असेल तर परवाना नाकारावा, दिलेला परवाना निलंबित वा रद्द करावा, हे सर्व अधिकार १९५९ च्या अधिनियमात पहिल्यापासून आहेत. ते वापरण्यासाठी एका सरपंचाचा बळी जावा लागला.

येथे एक घटनात्मक बाबही ध्यानात घ्यावी. शस्त्रे हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत आहे. त्यामुळे कायदा संसद करते. पण सर्वसाधारण बंदुकीचा परवाना द्यायचा की नाही, याचा निर्णय होतो जिल्हाधिकारी कार्यालयात, पोलीस ठाण्याच्या अहवालावर. याच पायरीवर परभणीत ३२ आणि बीडमध्ये १,२२२ असा फरक पडतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांतील एकट्या उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाखांहून अधिक, तर महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. गरज सर्वत्र सारखी असती, तर इतका भेद राहिला नसता.

अमेरिकेचा धडा

अमेरिकेत हा विषय प्रत्येक राज्याच्या हातीही असतो. जानेवारी २०२० मध्ये व्हर्जिनिया राज्याने नियंत्रणाचे कायदे प्रस्तावित केले, तेव्हा राजधानी रिचमंडमध्ये सुमारे बावीस हजार लोक विरोधासाठी जमले. त्यांतील अनेकांच्या खांद्यावर बंदुका होत्या. मोर्चा शांततेत पार पडला आणि त्यानंतरही बहुतेक कायदे त्याच वर्षी संमत झाले. आपल्या संविधानाला असा सशस्त्र जमाव मान्य नाही. शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क भारतात नाही, याची आठवण सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची दखल घेताना करून दिली.

२७ ऑगस्ट २०२५ रोजी मिनियापोलिस शहरातील अनन्सिएशन चर्चमध्ये शाळेतील मुलांची मिस्सा सुरू असताना खिडक्यांतून गोळीबार झाला. दोन बालके दगावली, अनेक जखमी झाली. हल्लेखोराने बंदुका कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतरच्या रविवारी पोप लिओ चौदावे यांनी शस्त्रांच्या जगभर पसरलेल्या साथीच्या अंतासाठी प्रार्थना केली. ‘कायदेशीर’ हा शब्द पुरेसा नाही, हे त्या चर्चमधील रिकाम्या बाकांनी जगाला दाखवले. न्याय्य आत्मरक्षणाचा हक्क ख्रिस्तसभेने कधी नाकारलेला नाही. पण शस्त्रांच्या उत्पादनावर आणि विक्रीवर नियमन ठेवणे हा शासनाचा हक्क तसाच कर्तव्यही आहे, अशी तिची शिकवण आहे.

मग नागरिकांनी काय मागावे?

ज्याच्याकडे बंदूक आहे त्याची संघटना असते, वकील असतो, हरकत नोंदवण्याची सवय असते. ज्याला त्या बंदुकीचे भय वाटते त्याची संघटना नसते. कायदा होत असताना पहिल्याचा आवाज पोहोचतो, दुसऱ्याचा पोहोचत नाही. ही उणीव भरून काढणे हे जागरूक नागरिकांचे काम आहे, आणि त्यांत आपल्या धर्मग्रामांतील माणसेही आली.

पहिली मागणी उघडपणाची असावी. आता प्रत्येक परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीसंचात स्वतंत्र ओळख क्रमांकाने होते. तेव्हा कोणाचेही नाव उघड न करता, जिल्ह्यात आणि पोलीस ठाण्याच्या हद्दीत परवाने किती, कोणत्या कारणासाठी दिलेले, किती नाकारले, किती रद्द केले, एवढी माहिती दरवर्षी प्रसिद्ध करणे अवघड नाही. ती मिळत नसेल तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे.

दुसरी मागणी शेतकऱ्यासाठी. त्याच्या अर्जाचा निकाल मुदतीत लागावा आणि निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करण्याचा निर्णय सरसकट न घेता प्रत्येकाचा इतिहास पाहून व्हावा. मात्र बंदूक मिळाली म्हणून प्रश्न सुटत नाही, हेही त्याला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वनखात्याच्या परवानगीवाचून रानडुकरावरही गोळी झाडता येत नाही. अल्पभूधारकाला बंदुकीची किंमतच झेपणारी नसते. त्याला बंदुकीहून अधिक गरज आहे ती कुंपणासाठी मदतीची, वेळेवर होणाऱ्या पंचनाम्याची आणि नुकसानीच्या पुरेशा भरपाईची.

तिसरी मागणी पोलिसांकडे. आत्मरक्षणासाठी शस्त्र मागणारा माणूस खरे तर एक तक्रारच नोंदवीत असतो. आपले रक्षण शासन करील, असा विश्वास त्याला राहिलेला नाही. अशा अर्जावर केवळ ‘मंजूर’ वा ‘नामंजूर’ लिहून भागत नाही. त्याला भय कोणाचे आहे, याचा तपास झाला पाहिजे.

परभणीचे ३२ परवाने ही कोणाला मागासलेपणाची खूण वाटेल. आम्हांस ती ठेवा वाटते. ताडकळसचा शेतकरी रात्री काठी घेऊन शेतावर जातो आणि सकाळी पंचायतीत उभा राहून न भिता प्रश्न विचारतो, हे बंदुकीने मिळालेले धैर्य नव्हे. येथे प्रश्न विचारणाऱ्यासमोर अजून कोणी कंबरेचे पिस्तूल चाचपीत नाही, म्हणून ते टिकून आहे. ते तसेच राहावे यासाठी पुढचा कायदा संसदेत येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात एक अर्ज आजही करता येतो.