जमाखर्च : फारखतीची किंमत

स्पर्धा-परीक्षार्थींसाठी छापलेले सामान्यज्ञानाचे एक जाडजूड पुस्तक या आठवड्यात हाती आले, आणि त्यातील देशोदेशींच्या स्वातंत्र्यदिनांच्या कोष्टकात इंडोनेशियासमोर २७ डिसेंबर १९४९ ही तारीख निःशंकपणे विराजमान झालेली पाहून, स्वातंत्र्याच्या तारखेच्या ज्या विषयावर या सदरात पुरेसे लिहून झाले आहे अशी माझी समजूत होती, त्याच विषयाकडे परत वळणे भाग पडले. इंडोनेशियातील लहान मूलही आपला स्वातंत्र्यदिन १७ ऑगस्ट १९४५ सांगेल. आमच्या कोष्टककारांनी मात्र हॉलंडच्या दप्तरातील तारीख जशीच्या तशी रुजू करून घेतली. सोडणाऱ्याने सही केली तेव्हाच सुटणारा स्वतंत्र झाला, हा न्याय एकदा मान्य केला, तर पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये. तेव्हा १९ डिसेंबर १९६१ पासून पुढली तेरा वर्षे म्हापसा-मडगावच्या मंडळींनी मुक्तीचा उपभोग बेकायदा घेतला असेच म्हणावे लागेल! या सदरातील गोव्यावरील पूर्वीच्या लेखानंतर ज्यांनी मला खरमरीत पत्रे धाडली, त्यांनी आता या ग्रंथकारांनाही एकेक कार्ड टाकावे.

पण तारखेचा वाद हा वरवरचा आहे. स्वातंत्र्याची तारीख विचारण्याआधी पावती पाहावी, हा माझा जुना हट्ट आहे. आणि मानीव मालकाची तारीख जिथे जिथे उशिराची असते, तिथे तिथे मधल्या काळात काहीतरी वसूल झालेले असते, असा माझा संशय आहे. त्याला सार्वत्रिक नियमाचे रूप देण्याइतका पुरावा मजजवळ नसला, तरी एकमेकांपासून सव्वाशे वर्षांच्या अंतरावर असलेले हैती आणि इंडोनेशिया हे दोन मामले शेजारी शेजारी ठेवले म्हणजे तो बराच बळावतो.

हैतीच्या गुलामांनी नेपोलियनच्या फौजेचा पाडाव करून १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव्ह येथे स्वातंत्र्य पुकारले. फ्रान्सने ते एकवीस वर्षे मानले नाही. आणि मानले तेव्हा, दहाव्या चार्ल्स राजाचे १७ एप्रिल १८२५ चे फर्मान घेऊन एक उमराव चौदा लढाऊ जहाजांनिशी पोर्तोप्रँसच्या बंदरापुढे येऊन ठाकला. फर्मानाचा मजकूर असा की, हैतीने आपल्या बंदरांत फ्रेंच जहाजांकडून निम्मीच जकात घ्यावी, आणि आपल्या मिळकती गमावलेल्या जुन्या मळेवाल्यांच्या भरपाईसाठी पंधरा कोटी फ्रँक पाच समान हप्त्यांत भरावे. त्या मिळकतींत माणसेही मोडत होती. म्हणजे ज्यांनी रक्त सांडून स्वतःस सोडवून घेतले, त्यांनीच आता आपल्या देहाची किंमत जुन्या धन्याच्या पदरात टाकायची होती. राष्ट्राध्यक्ष ब्वाये यांनी तोफांच्या तोंडाकडे पाहून कबुलायत दिली. पहिला हप्ता तीन कोटींचा. तो भरण्यास पॅरिसच्याच पेढ्यांकडून तीन कोटींचे कर्ज काढावे लागले, आणि त्या पेढ्यांनी आपली कसर आधीच कापून हातावर ठेवले ते दोन कोटी चाळीस लाख! चौथाई-सरदेशमुखी वसूल करीत फिरलेल्यांचे आपण वंशज. खंडणी ओळखण्यास आपल्याला तरी वेळ लागू नये. १८३८ साली उरलेली रक्कम कमी होऊन एकूण भरणा नऊ कोटींवर आला खरा, परंतु या देण्यातून निघालेल्या कर्जांवर कर्जे चढत जाऊन त्यांचा शेवटचा निचरा १९४७ साली झाला असे मानतात.

आता दुसरा मामला. जपानने शरणागती पत्करल्यावर दोनच दिवसांनी जकार्तामध्ये स्वातंत्र्य-चळवळीचे नेते सुकार्नो यांच्या राहत्या घराच्या अंगणात, त्यांच्या पत्नी फात्मावती यांनी शिवलेले निशाण फडकले आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. त्या दस्तऐवजावर वर्ष पडले आहे ते नुसते ‘०५’, कारण जपानी अमलातील कालगणनेप्रमाणे तेव्हा २६०५ वे वर्ष चालू होते. घाई इतकी की गेलेल्या धन्याचे पंचांग बदलण्यासही कोणास सवड झाली नाही. हॉलंडने मात्र १९४७ आणि १९४८ अशा दोन वेळा फौजा घालून हा जाहीरनामा पुसून पाहिला. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाचे आणि मुख्यतः अमेरिकेचे दडपण आले, १९४९ साली हेग येथे वाटाघाटी झाल्या, आणि सार्वभौमत्वाबरोबर जुन्या वसाहत सरकारचे सुमारे चारशे तीस कोटी गिल्डरांचे कर्जही नव्या राष्ट्राच्या माथी आले. त्यात आमच्यावरच चालविलेल्या स्वारीचा खर्च आहे, हे इंडोनेशियाच्या शिष्टमंडळाने परोपरीने सांगितले. त्याचे प्रमुख हात्ता हे हॉलंडमध्येच अर्थशास्त्र शिकलेले असल्याने खतावणी वाचण्यात ते चुकणारे नव्हते. घर पेटवावयास आणलेल्या तेलाचे पैसे घरधन्याकडेच मागावेत, तशातला हा प्रकार. १९५६ साली इंडोनेशियाने हेगचा करार एकतर्फी मोडला, तोवर बरीच रक्कम पोहोचती झाली होती. आणि १७ ऑगस्ट १९४५ ही तारीख आपण पूर्णपणे व निरपवादपणे मान्य करतो, हे उद्गार डच पंतप्रधानांच्या मुखातून निघाले ते २०२३ साली!

दोहोंतील भेद उघड आहे. हैती जगात एकाकी होता, अमेरिकेनेही त्याला १८६२ पर्यंत मान्यता दिली नाही. इंडोनेशियाच्या पाठीशी मात्र अर्धे जग उभे होते, आणि त्यासाठी नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत परिषदही भरविली होती. परंतु लोकमताने तोफा थांबल्या तरी मुनीम थांबला नाही. आपला हिशेब उलटा होता. १९४७ साली हिंदुस्थान धनको होता आणि इंग्लंड ऋणको. युद्धकाळात साठलेले शंभर कोटी पौंडांहून अधिक येणे लंडनमध्ये पडून होते. हिंदुस्थानच्या संरक्षणाचा उलट दावा लावून ते घटवावे अशी चर्चिलसाहेबांची खटपट होती, ती साधली नाही. तरी पैसा सुटला तो हप्त्याहप्त्यानेच. हैतीच्या कर्जाची अखेर आणि आपली धनकोपणाची पहाट एकाच वर्षी यावी, यात योगायोगापलीकडे काही नाही. पण धनको म्हणून स्वतंत्र होणे ही चैन किती थोड्यांच्या वाट्यास आली, हे ध्यानात येण्यास तो उपयोगी पडतो.

हैतीचे राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांनी २००३ साली फ्रान्सकडे एकवीस अब्ज डॉलरांहून अधिक परताव्याची मागणी केली. पुढल्याच वर्षी त्यांची सत्ता गेली. फर्मानाला दोनशे वर्षे पुरी झाली त्या दिवशी, १७ एप्रिल २०२५ रोजी, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांची संयुक्त समिती जाहीर केली. समितीत विद्वान असतील, आणि विद्वानांना सवड हवी, हे मला मान्य आहे. पण पंधरा कोटींचा आकडा ठरविताना राजाने कोणतीही समिती नेमली नव्हती. तेव्हा या मंडळींनी आधी मुद्दल, व्याज आणि पेढ्यांची कसर अशी तीन कलमे मांडून बेरीज जाहीर करावी, आणि इतिहास मागाहून सावकाश लिहावा.

— दप्तरदार