शॉक बसल्यानंतरची भीती

वसतिगृहात पाणी तापवायच्या रॉडचा शॉक कुणाला बसला, की आधी त्याची थट्टा होते. काळजी सुरू होते ती रात्री. अंथरुणावर पडून नाडी चाचपायची, एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की दचकून उठायचे आणि सोबत्याला विचारायचे, “हृदयावर काही परिणाम झाला असेल का रे?” ही भीती खोटी नाही, पण ती अवेळी येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हृदयाची लय मुळात सूक्ष्म विजेवरच चालते. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह एका हातातून शिरून छातीतून गेला, तर ती लय मोडते. हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलले जात नाही. त्याला १०० मिलिअँपिअरही पुरतात. मात्र हे बहुधा त्याच क्षणी घडते. शुद्ध हरपली नसेल, पूर्वीचा हृदयविकार नसेल आणि ईसीजी निर्दोष निघाला असेल, तर घरगुती शॉकनंतर दुसऱ्या दिवशी हृदय बंद पडणे फारच विरळा. ज्याची शुद्ध गेली, छातीत दुखते, ठोके वेडेवाकडे पडतात, किंवा ज्याला उच्च दाबाच्या तारेचा धक्का बसला, त्याने मात्र रुग्णालयात राहिलेच पाहिजे. तेथे मर्दुमकी कामाची नाही.

खरा धोका पहिल्या चार-पाच मिनिटांचा, आणि त्यासाठीच आपली काही तयारी नाही. अमेरिकेत तारांवरचे कामगार दगावत, म्हणून वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा पुरवला. त्यातूनच विल्यम कोवेनहोवन या विद्युत अभियंत्याने (डॉक्टरने नव्हे!) १९६० साली दोन सहकाऱ्यांसह दाखवून दिले, की छाती न उघडता नुसत्या हातांनी दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते. मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोर लावून. हे शिकायला एक दुपार पुरे.

आमचा विज्ञान शाखेचा विद्यार्थी ओहमचा नियम घडाघडा म्हणतो. पण आधी मेन स्विच बंद, मगच त्या माणसाला हात, हे ऐन वेळी किती जणांना सुचेल? स्नेहसंमेलनाच्या मंडपात ओल्या जमिनीवर वायरी लोळतात, त्याच मंडपात ही दुपार का घेऊ नये? सूचनाफलक मराठी व कानडी दोन्हींत लावावेत. आणि वसतिगृहाच्या बोर्डात ३० मिलिअँपिअर गळतीला आपोआप तुटणारा आरसीसीबी बसवावा. त्याचा खर्च संमेलनातील ध्वनिक्षेपकाच्या भाड्याहून फारसा अधिक नसावा.