सिबिल स्कोअर नसला तरी गावात घरासाठी कर्ज मिळतं का? अर्ज नेमका कुठे अडतो?

सिबिल स्कोअर नसला तरी आता बँकेला कर्ज द्यावंच लागणार, असं सांगणारे रील्स आणि फॉरवर्ड तुम्हीही पाहिले असतील. यातला अर्धा भाग खरा आहे. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ 'आधी कधी कर्ज घेतलेलं नाही' एवढ्याच कारणावरून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे. कर्ज द्यावंच लागेल, असं मात्र कुठेही म्हटलेलं नाही.

गावात घर बांधू पाहणाऱ्यांची अडचण तर यापुढची आहे. स्कोअरचा प्रश्न सुटला तरी त्यांचा अर्ज बऱ्याचदा जागेच्या कागदावर अडतो. आणि तो कागद कसा आहे, यावर कर्ज कोण देणार आणि किती व्याजाने देणार, हे ठरतं.

सरकार नेमकं काय म्हणालं?

ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं. कर्जासाठी अमुक एक किमान स्कोअर हवाच, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, हा त्यातला पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांचा. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्यांचे अर्ज फक्त कर्जाचा इतिहास नाही म्हणून नाकारू नयेत, असं त्यात म्हटलं आहे.

पण त्याच उत्तरात हेही स्पष्ट केलं आहे की, कर्ज द्यायचं की नाही हे बँक स्वतःच्या धोरणानुसार आणि अर्जदाराची परतफेडीची ताकद तपासून ठरवते. म्हणजे इतिहास नाही, हे नकाराचं एकमेव कारण असू शकत नाही. उत्पन्न पुरेसं नाही किंवा जागेचे कागद पुरे नाहीत, ही कारणं बँक देऊच शकते.

आणखी एक गल्लत होते. बँकांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नये, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये बँकांना बजावलं होतं. ते पीककर्जाबद्दल होतं. घराच्या कर्जाला ते लागू होत नाही.

स्कोअर नसणं आणि स्कोअर खराब असणं, यात फरक काय?

सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे. देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्या त्यांच्याकडे प्रत्येक कर्जाची माहिती पाठवतात. त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान एक आकडा तयार होतो.

ज्याने कधी बँकेचं कर्जच घेतलेलं नाही, त्याच्या नावापुढे आकडा येत नाही. सिबिलच्या अहवालात तिथे '-१' असं दिसू शकतं. याचा अर्थ माणूस बुडवणारा आहे असा नाही. त्याच्याबद्दल काही माहितीच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खराब स्कोअरची गोष्ट वेगळी. जुना हप्ता थकलेला असेल किंवा तडजोड करून कर्ज मिटवलं असेल, तर त्याची नोंद अहवालात राहते. कर्जमाफी येईल या आशेवर थांबवलेलं पीककर्जही थकबाकी म्हणूनच दिसतं. जानेवारी २०२५ चे निर्देश ज्यांचा इतिहासच नाही, त्यांच्यासाठी आहेत. थकबाकीदाराला त्यांचा फायदा मिळत नाही.

गावात आयुष्यभर फेडलेलं कर्ज बँकेला का दिसत नाही?

कारण गावातलं बरंचसं देणंघेणं या कंपन्यांपर्यंत पोहोचतच नाही. सहकारी पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नसतं, त्यामुळे तिथे वेळेवर फेडलेलं कर्ज अहवालात सहसा दिसत नाही. बचत गटाला मिळालेलं बँकेचं कर्ज गटाच्या नावावर असतं. एखाद्या बाईने त्यातला आपला वाटा दहा वर्षं न चुकता फेडला, तरी तो हिशेब अनेकदा गटाच्या वहीतच राहतो. सोनाराकडचं गहाण, कृषी केंद्रातली उधारी, पाहुण्यांकडून घेतलेले पैसे यांची तर कुठेच नोंद नसते.

याउलट मायक्रोफायनान्सचं कर्ज, बँकेतलं सोनेतारण, ट्रॅक्टर किंवा दुचाकीचं कर्ज आणि हप्त्यावर घेतलेला मोबाइल हे सगळं नोंदवलं जातं. त्यामुळे घराच्या कर्जाची वेळ येते तेव्हा मोबाइलचा चुकलेला हप्ता दिसतो, पण पतसंस्थेत फेडलेले दोन लाख दिसत नाहीत.

मग अर्ज जागेच्या कागदावर का अडतो?

गृहकर्जात घरच तारण असतं. कर्ज थकलं तर ते घर विकून पैसे वसूल करता यायला हवेत, हा बँकेचा हिशेब. त्यासाठी बँका २००२ च्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात. या कायद्यामुळे कोर्टात दावा न लावता तारण मालमत्तेवर कारवाई करता येते.

पण त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. म्हणजे सातबाऱ्यावर जमीन शेतीची असेल आणि त्यावर घर बांधलेलं असेल, तर बँकेला हा सोपा मार्ग मिळत नाही. ही तरतूद शेतकऱ्याची जमीन वाचवण्यासाठी आहे. पण मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला गृहकर्ज मिळत नाही, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं.

गावातल्या जागांचे साधारण चार प्रकार पडतात आणि प्रत्येकाची अडचण वेगळी आहे.

*गावठाणातलं घर:* अनेकांकडे फक्त ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती असते. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी कोण भरतं, हे त्यावरून कळतं. तो मालकीचा पक्का पुरावा मानला जात नाही, म्हणून मोठ्या बँका त्यावर थांबतात.

*वडिलोपार्जित घर:* उतारा आजोबांच्या नावावर, वारस नोंद झालेली नाही आणि राहतो एकच भाऊ. अशा वेळी बँकेचा वकील वारस नोंद, वाटणीपत्र किंवा बाकीच्या भावाबहिणींचं हक्कसोड पत्र मागतो. बहिणीची सही राहिली असेल तर फाईल तिथेच थांबते.

*शेतजमीन किंवा गुंठ्यांनी घेतलेला तुकडा:* बिनशेती, म्हणजेच एनए झाल्याशिवाय बँक सहसा पुढे जात नाही. तुकडेबंदी कायद्यात अडकलेला व्यवहार असेल तर आधी तो नियमित व्हावा लागतो. गावठाणाच्या हद्दीजवळच्या जमिनीचं निवासी वापरासाठी रूपांतर मिळू शकतं. त्यासाठी तहसील कार्यालयात चौकशी करावी.

*भोगवटादार वर्ग २ ची जमीन:* इनाम, वतन किंवा सरकारने वाटप केलेली जमीन असेल, तर विक्रीवर किंवा गहाणावर निर्बंध असतात. सातबाऱ्यावरच 'वर्ग २' लिहिलेलं असतं. परवानगीशिवाय ती तारण ठेवताना अडचण येऊ शकते. आदिवासींच्या जमिनींना तर हस्तांतरणाचे वेगळे आणि कडक नियम आहेत.

स्वामित्व योजनेमुळे काय बदललं?

गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद मिळावा म्हणून केंद्राने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने मोजणी करायची आणि प्रत्येक मिळकतीचं प्रॉपर्टी कार्ड द्यायचं, अशी ही योजना आहे. ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग महाराष्ट्रात त्याआधीच पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात झाला होता. १८ जानेवारी २०२५ रोजी महाराष्ट्रासह देशभरातल्या ५० हजारांहून अधिक गावांमध्ये एकाच दिवशी ६५ लाखांहून जास्त कार्ड वाटल्याचं सरकारने जाहीर केलं.

कर्जासाठी हा कागद नमुना ८ पेक्षा नक्कीच भक्कम आहे. पण कार्ड हातात आलं म्हणजे कर्ज मिळालं असं नाही. कार्डावर नाव कोणाचं लागलं आहे, क्षेत्र बरोबर आहे का, भावकीत वाद आहे का, हे बँक बघतेच. शिवाय हे कार्ड गावठाणातल्या घरांसाठी आहे. मळ्यातल्या घराला त्याचा उपयोग नाही.

कर्ज कोण देतं आणि ते किती महाग पडतं?

पहिला पर्याय सरकारी आणि ग्रामीण बँकांचा. १ मे २०२५ पासून राज्यातल्या दोन ग्रामीण बँका एकत्र येऊन एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आहे. व्याज कमी, पण कागद कडक. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, पण ती किंमत बँकेचा व्हॅल्युअर ठरवतो. बांधकामाचे पैसेही जोतं, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांनी मिळतात. सुरुवातीचा खर्च खिशातूनच करावा लागतो.

दुसरा पर्याय जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण सहकारी बँकांची गृहकर्जाची मर्यादा वाढवली. बँकेच्या आर्थिक ताकदीनुसार ती आता एका व्यक्तीसाठी ५० लाख किंवा ७५ लाख आहे. सगळ्याच जिल्हा बँका अशी कर्जं तेवढ्याच उत्साहाने देतात असं नाही, पण विचारायला हवं.

तिसरा पर्याय छोट्या घरांसाठी कर्ज देणाऱ्या हाउसिंग फायनान्स कंपन्यांचा. त्यांचा माणूस घरी येतो, दुधाची बिलं, दुकानाची वही, उसाचं पेमेंट बघून उत्पन्नाचा अंदाज घेतो. ग्रामपंचायतीच्या कागदांवरही काही कंपन्या कर्ज देतात. त्याची किंमत व्याजात वसूल होते.

ती किती, हे एका उदाहरणातून पाहू. समजा, बीड जिल्ह्यातल्या एका कुटुंबाने १५ वर्षांसाठी १० लाख रुपये घेतले. व्याज ८.५ टक्के असेल तर हप्ता सुमारे ९,८५० रुपये येतो आणि एकूण सुमारे १७ लाख ७२ हजार रुपये फेडावे लागतात. तेच कर्ज १३ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे १२,६५० रुपये होतो आणि एकूण फेड सुमारे २२ लाख ७७ हजारांवर जाते. फरक पाच लाखांचा. कुटुंब तेच, घर तेच, उत्पन्नही तेच. हा फरक मुख्यतः कागदामुळे पडतो.

आणि दोन्ही दारं बंद झाली तर सावकार उरतो. शेकडा दोन रुपये महिना या दराने १० लाखांचं नुसतं व्याजच महिन्याला २० हजार होतं. मुद्दल तसंच राहतं. परवान्याशिवाय सावकारी करणं महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

घरकुल योजनेतून कर्ज मिळतं का?

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हे कर्ज नाही, अनुदान आहे. सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये केंद्राच्या निकषाने मिळतात. राज्याने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यात ५० हजारांची भर जाहीर केली. याशिवाय लाभार्थ्याला ७० हजारांपर्यंत बँकेचं कर्ज मिळवून देण्याची तरतूद योजनेत आहे. ती फार थोड्यांना माहीत असते.

व्याजात सवलत देणारी 'आवास योजना २.०' मात्र शहरी आहे. ती शहरं आणि अधिसूचित नियोजन क्षेत्रांसाठी लागू होते. तुमचं गाव त्यात येतं का, हे एजंटला पैसे देण्याआधी तपासा.

अर्ज करण्याआधी काय करावं?

• आधी जागेचे कागद बघा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव, क्षेत्र, वर्ग आणि 'इतर हक्क' रकान्यातला जुना बोजा तपासा. फेडलेल्या कर्जाचा बोजा उतरवलेला नसेल तर बँकेचा दाखला देऊन तो कमी करून घ्या.

• वारस नोंद आणि हक्कसोड पत्र हे काम आधी उरका. याला सर्वांत जास्त वेळ लागतो.

• चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत ती सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

• दुधाचे, भाजीचे, मजुरीचे पैसे शक्य तेवढे बँक खात्यात घ्या. वर्षभराचं खातं उत्पन्नाचा पुरावा होतं.

• घरात कोणी नोकरीला असेल तर त्याला सहकर्जदार करता येतं.

• एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशी अहवालात नोंदवली जाते.

• अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. नकाराचं मुख्य कारण लेखी कळवावं, असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. काउंटरवर 'तुमचं सिबिल नाही' एवढंच तोंडी सांगितलं जातं आणि माणूस परत जातो. लेखी उत्तरात तेवढंच कारण आलं, तर ते रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांना धरून नाही. त्याविरुद्ध आधी बँकेकडे आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. कारण जागेच्या कागदाचं आलं, तर निदान तलाठी कार्यालयात जायचं, भूमी अभिलेखात की बहिणीकडे, हे तरी कळतं.

महागडं कर्ज घ्यावंच लागलं, तर ते बदलत्या व्याजदराचं घ्या. घरासाठी घेतलेल्या अशा कर्जावर मुदतीआधी फेड केली तरी दंड लागत नाही. दोन-तीन वर्षं हप्ते वेळेवर भरले की स्कोअर तयार होतो. तोवर कागदही नीट झाले, तर तेच कर्ज कमी व्याजाच्या बँकेत नेता येतं.