रंग नवा, नकल कोरडा

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं ते बरेचसे माझ्यासारखेच. पुण्या-बंगळूरात आठवडाभर कोड लिहायचा आणि पगार बरा झाला की जुनी महिंद्रा सीजे-३बी शोधायची. उंच बॉनेटची ही जीप विलीजने अमेरिकेत १९५३ साली आणली. तिथलं उत्पादन संपल्यावरही महिंद्रा ती इथे कित्येक वर्षं बनवत राहिली. म्हणून अजून सापडते. सापडली की लष्करी हिरवा रंग, रुंद टायर, एलईडीची पट्टी. "रिस्टोअर केली" म्हणून फोटो. मी एकच विचारतो, पुढचा नकल उघडला का? उत्तर ठरलेलं: "ग्रीस भरलंय ना."

डोकं फिरतं ते इथे!

या जीपचा नकल बंद असतो, महायुद्धातल्या विलीजसारखाच. एक्सलच्या टोकाला पोकळ गोळा, त्यावर नकल, वर-खाली किंगपिन आणि त्यांची दोन टेपर रोलर बेअरिंग. गोळ्याच्या आत चाक फिरवणारा जॉइंट. बाहेरून सील आणि नमद्याची पट्टी गोळा पुसत राहते. आत वंगण सैल हवं, म्हणजे जॉइंट ते उडवतो आणि वरच्या बेअरिंगला मिळतं. एपी-३ सारखं जाड ग्रीस कोंबलं तर जॉइंट त्यात स्वतःपुरती वाट कोरतो. बाकीचं भिंतीला चिकटून बसतं. वरचं बेअरिंग कोरडंच.

मग जाड का भरतात? सैल वंगण गळतं म्हणून. आणि गळतं, कारण सील गेलेलं असतं. आपल्या भाषेत, एक्सेप्शन पकडून गिळून टाकायचं. लॉग स्वच्छ, सिस्टिम खलास.

अकोटला काकांची जीप आहे. पोपटखेड, शहानूरकडे पावसाळ्यात काळी माती चाकाला लगडते आणि नमद्यात शिरून गोळा घासते. ओढ्यातून दोनदा गेलं की आतलं ग्रीस ताकासारखं होतं. तिथला मिस्त्रीही म्हणतोच, "कायले खोलता भाऊ, ग्रीस भरून देतो." पण त्याला मी दोष देत नाही. रंगाला लाख मोजणारा मालक दोन दिवसांच्या मजुरीवर घासाघीस करतो, तर त्याने का खोलावं?

"पण मी फोर-व्हील लावतच नाही." अरे, फ्री-व्हील हब बसवलेले नसतील तर टू-व्हीलमध्येही चाकाबरोबर तो जॉइंट फिरतच असतो, अगदी एक्स्प्रेस-वेवरसुद्धा! आणि किंगपिनचं बेअरिंग पूर्ण फिरत नाही, थोडंसं इकडे-तिकडे हलतं. रोलर त्याच जागी आपटून कपात खाचा पाडतात. स्टिअरिंग सरळ ठेवलं की अडकतं, खड्डा लागला की थरथरतं. मग टायरॉड बदला, डॅम्पर लावा, अलाइनमेंट करा... सगळं होतं, फक्त नकल उघडत नाही.

"पार्ट मिळत नाहीत" हेही नको. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन दुकानात जा. कप आणि रोलर दोन्ही बदला. बसवताना बेअरिंग हाताने ग्रीसने भरा, नकलमध्ये मात्र ००चं सैल ग्रीस. खरं किचकट काम शिमचं. शिम काढला की बेअरिंग आवळतं. वर-खाली सारखे वाटले नाहीत तर जॉइंट मध्यावर राहत नाही. टायरॉड सोडून, सील न लावता, स्प्रिंगकाट्याने नकल ओढून ताण बघायचा; आकडा मॅन्युअलमध्ये आहे. अंदाजाने आवळणाऱ्याला हात लावू देऊ नका. आणि एक्सलच्या आतलं ऑइल सील त्याच वेळी बदला. ते फाटलं की डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येतं, पुढे ब्रेकच्या ड्रमपर्यंतही पोचतं आणि ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते. घाटात हे काय होईल ते सांगायला नको.

नकलच्या वरच्या प्लगमधून एक तार आत बुडवून बघा. पांढरट निघाली तर रंगवाल्याचा पुढचा हप्ता थांबवा.