गेटपासून दोनशे पावलं

थंडी सुरू झाली की आम्हा नाशिककरांच्या बोलण्यात एकच विषय असतो, आज निफाडचा पारा कितीवर आला! तिकडे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात आणि इकडे घराघरांतल्या आयांची लढाई सुरू होते. पोरांना रजईतून ओढून काढायचं, स्वेटर-कानटोपी चढवायची, डबा भरायचा आणि सातच्या ठोक्याला शाळेच्या गेटवर हजर व्हायचं. जानेवारीत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. म्हणजे शाळेची घंटा वाजते तेव्हा धड उजाडलेलंही नसतं.

२०२० च्या जानेवारीतली अशीच एक सकाळ मी विसरू शकत नाही. माझी लेक तेव्हा सातवीत होती, मिशनच्या शाळेत. शाळा आणि चर्च एकाच आवारात आणि समोरचा रस्ता जेमतेम दोन रिक्षा जातील एवढा. आम्हाला उशीर झाला होता. "आई, प्रेयर सुरू होईल गं!" असा मागून धोशा. धुकं पडलेलं, तोंडाला स्कार्फ, त्यामुळे श्वासाच्या वाफेने चष्मा धुरकटलेला. गेटपाशी नेहमीचाच गाड्यांचा गराडा. मी एका व्हॅनच्या कडेने स्कूटर पुढे काढली आणि त्याच व्हॅनच्या आडून दुसरीतली एक चिमुरडी धावत समोर आली. गडद निळा स्वेटर, काळं दप्तर. मला ती दिसलीच नाही.

तिचं मनगट मोडलं. डोक्याला लागलं नाही, एवढंच आमचं नशीब. दवाखान्यात तिची आई आली तेव्हा माझी मान वर होईना. ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही थांबलात तरी." तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःची समजूत घालत होते. धुकं होतं, व्हॅनवाला आडवा उभा होता, शाळेने काही सोय करायला हवी होती. सगळं खरं. पण त्या गेटवर गर्दी करतं कोण? आपणच ना! प्रत्येकीला आपलं मूल अगदी गेटच्या तोंडाशी उतरवायचं असतं. थंडी आहे, दप्तर जड आहे, ऑफिसला उशीर होतोय. आपल्या लेकराची चार पावलं वाचवताना दुसरीच्या लेकराची वाट आपण धोक्याची करतो, हे ध्यानातच येत नाही.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच उमगली. शाळेचे वॉचमनकाका गेटवर कशासाठी असतात? आत कोण येतं-जातं ते बघायला. चर्चमुळे बाहेरच्या माणसांची ये-जा तिथे असतेच. पण सकाळचा अर्धा तास काका शिट्ट्या मारत आपल्याच गाड्या मागे-पुढे करत असतात. म्हणजे गेट सताड उघडं आणि राखणदार रस्त्यावर! नाताळच्या गॅदरिंगला तर विचारूच नका. साडेसहालाच काळोख. आत गव्हाणीचा देखावा सजलेला, पोरं देवदूत होऊन नाचताहेत. आणि बाहेर दोन्ही कडांना आपल्या गाड्या अशा लावलेल्या, की वेळ आलीच तर अॅम्ब्युलन्सने जायचं कुठून?

नियम नाहीत असं नाही. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी हवा. आपल्या शाळेत तो कोण आहे, ठाऊक आहे का? चार वर्षांवरच्या मुलालाही दुचाकीवर हेल्मेट लागतं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी नववी-दहावीची मुलं गाड्या आणतात आणि शेजारच्या गल्लीत लावतात. किल्ली त्यांना देतं कोण?

फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय सरकारने काढला. छान झालं, चिमुरड्यांची झोप तरी होईल. पण नऊ म्हणजे ऑफिसची वेळ! अंधार गेला तरी गराडा कसा जाणार? आणि मोठ्या मुलांच्या नशिबी अंधार आहेच.

त्या अपघातानंतर आम्ही आठ जणी सिस्टरांकडे गेलो. तक्रार घेऊन नाही, आम्ही काय करू ते विचारायला. सिस्टर म्हणाल्या, "आधी तुमच्या गाड्या लांब ठेवा, मग मी चर्चच्या बाजूचं छोटं फाटक उघडते." झालं! कोपऱ्यावरच्या पिंपळापाशी थांबायचं ठरलं. तिथून गेट दोनशे पावलं. रोज पाळीने एक जण पिंपळापाशी, दुसरी फाटकाशी. चालत आणि सायकलवर येणारी मुलं फाटकातून आत, व्हॅनवाले काका एकामागे एक रांगेत. शिवणकाम करणाऱ्या एका मावशींनी दप्तरांना चमकणाऱ्या पट्ट्या लावून दिल्या. वॉचमनकाका पुन्हा गेटवर उभे राहिले.

सोपं नव्हतं हं. "तुम्ही कोण आम्हाला सांगणाऱ्या?" हे रोज ऐकलं. जरा वळण लागतंय तोच मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद. उघडली तेव्हा पुन्हा तोच गराडा आणि आमचं पुन्हा पहिल्यापासून! पण जमलं. खर्च म्हणाल तर पट्ट्यांचा तेवढा.

माझी लेक आता कॉलेजात जाते. ती चिमुरडीही मोठी झाली, सायकलवर शाळेत येते. हिवाळ्यात अधूनमधून मी अजूनही पिंपळापाशी उभी राहते. ती दिसली की हात करते, आणि माझी नजर आधी तिच्या मनगटाकडे जाते.

म्हणून एवढंच सांगणं आहे, मैत्रिणींनो. उद्या दहा मिनिटं लवकर निघा. गेटपासून दोनशे पावलं अलीकडे गाडी थांबवा आणि मुलाचं बोट धरून चालत जा. थंडीत तेवढं चालणं आपल्यालाही बरंच की!