होडी उतरली, पाण्याचं काय?

काल पाहुण्यांच्या दारात ट्रॉलीतून होडी उतरवायला गेलो. फाळका पाडला, दोन फळ्या लावल्या, मागून दोर धरून ५ जणांनी हळूहळू खाली घेतली. शेततळ्यातल्या माशांना खाद्य टाकायला आणली म्हणे.

होडीला विरोध नाही. पण तळं भरतं कशावर? बोअरवर! जमिनीतलं पाणी उपसून उन्हात वाळवायचं? खाली प्लास्टिकचा कागद, म्हणजे थेंबही परत मुरत नाही. शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्यानंच भरावं.

आमच्या हिवरे बाजारात शेतीसाठी बोअरला बंदी आहे. पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणून पाण्याचा ताळेबंद मांडूनच पिकं ठरतात.

होडी उतरवायला ५ जण जमले. ताळेबंद मांडायला किती जमणार?