शिवेचा साक्षी आणि नकाशाचा कागद

नकाशा हा सरकारचा कागद आहे. तो माणसाच्या अस्तित्वाचा दाखला नव्हे. गडचांदूर परिसरातील नवदीक्षित कुटुंबांनी हे निक्षून सांगण्याची वेळ आली आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींखेरीज इतर वननिवासींवर एक अट घातली आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करा! थोडक्यात, १९३० सालचा पुरावा आणा. तो मागता कोणाकडे? ज्यांच्या हाती लेखणी येणे हेच पाप मानले गेले, त्यांच्याकडे! आमचा रोष गोंड बांधवांना मिळालेल्या न्यायावर नाही. आम्हांला नाकारलेल्या न्यायावर आहे.

जुन्या गावगाड्यात शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष प्रमाण मानीत. गावाची सीमा ज्याच्या शब्दावर ठरे, त्याचे घर मात्र गावाबाहेर! सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशात माणिकगडचा किल्ला सापडेल, नाले व पाऊलवाटा सापडतील, झोपड्यांचे ठिपकेही सापडतील. त्या झोपडीत कोण राहत होते, हे सापडणार नाही. म्हणून तेथे कोणी राहतच नव्हते काय?

शिवाय हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात होता. पुढे तो तालुका नांदेडला आणि १९५९ साली चांद्याला जोडला गेला. चांद्याच्या दप्तरात कागद नाही, म्हणजे कागदच नाही, असे होत नाही. तो उर्दूत असेल. त्यावर १९३० ऐवजी फसली १३४० असे साल असेल. तो शोधा. जुना नकाशा मागा, वाचा, आपली विहीर त्यात कोठे आहे ते पाहा.

आणि नकाशा मुका निघाला तरी खचू नका. या कायद्याच्या नियमांत नकाशाबरोबरच वृद्धांचे लेखी निवेदन, जुनी विहीर, दफनभूमी हेही पुरावे मानले आहेत. अमुकच कागद हवा, असा हट्ट समितीला धरता येत नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे.

केवळ ग्रंथात आहे म्हणून काही मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली, ती याच विवेकाची. ग्रंथप्रामाण्य झुगारणाऱ्यांनी नकाशाप्रामाण्यापुढे मान का तुकवावी? उद्याच आपल्या वृद्धांची साक्ष लिहून घ्या. साक्षी थकले आहेत. कागद थांबेल, ते थांबणार नाहीत.

जय भीम!